तपासी अधिकाऱ्यांना खुलं पत्र: आरोप खोटा कुठे होतो?

प्रति,
महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांचा तपास करणारे सर्व अधिकारी व अंमलदार,
आणि नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत त्यांना शिकवणारे प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली दहा वर्षं मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत साहाय्यक व्यक्ती म्हणून काम करते. बाल कल्याण समिती नेमणूक करते आणि मी मुलीच्या शेजारी बसते. कधी ठाण्यात, कधी जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात, कधी न्यायालयाबाहेरच्या बाकावर. माझं शिक्षण मानसशास्त्राचं. हे पत्र लिहायला मला फार उशीर झाला, कारण या विषयावर तोंड उघडलं की दोन्हीकडून गैरसमज होतो. ‘खोटे आरोप’ एवढं म्हटलं तरी बायकांसाठी झटणाऱ्या माझ्याच मैत्रिणींना वाटतं, ही आता त्या बाजूला गेली. आणि ‘बहुतेक फिर्यादी खऱ्या असतात’ म्हटलं की ज्यांचा मुलगा विनाकारण आत बसून आला त्यांना वाटतं, हिला आमचं दुःख दिसत नाही. मी दोन्ही घरांत बसून त्यांचं ऐकलेलं आहे. म्हणून लिहिते.

एक रात्र सांगते. विदर्भातलं एक तालुक्याचं ठाणं. नाव सांगत नाही, कारण असं कुठल्याही ठाण्यात घडू शकतं. सतरा वर्षांची मुलगी. चार दिवसांपूर्वी गावातल्याच वीस वर्षांच्या मुलासोबत निघून गेलेली आणि त्या दिवशी पुण्याहून शोधून आणलेली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. ती बाकावर, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला वडील, समोर मी. जबाब घेणाऱ्या मॅडम सकाळपासून बंदोबस्तावर उभ्या राहून आल्या होत्या, दमल्या होत्या. त्यांनी विचारलं, “त्यानं तुला फूस लावून नेलं ना?” मुलगी गप्प. मामा म्हणाले, “हो मॅडम, फूस लावूनच.” “धमकी दिली होती का?” मुलगी वडिलांच्या चपलांकडे बघत होती. “दिलीच असणार,” मामा म्हणाले. “काय म्हणाला, जिवे मारीन?” मुलीची मान हलली. ती ‘हो’ म्हणून हलली की नुसतीच खाली गेली, हे एका हाताच्या अंतरावर बसून मलाही सांगता आलं नसतं. कागदावर मात्र आलं: ‘मला फूस लावून, जिवे मारण्याची धमकी देऊन, माझ्या इच्छेविरुद्ध…’

त्या वेळी मी मध्ये बोलायला हवं होतं. मी कामात नवीन होते, घाबरले आणि गप्प बसले. मुलगा अकरा महिने आत होता. न्यायालयात मुलगी फितूर झाली, वयाचा पुरावा टिकला नाही, मुलगा सुटला. निकालाच्या दिवशी आवारात कुणीतरी माझ्यादेखत म्हणालं, “पोरीनं खोटी केस केली.” त्या कागदावरचं एकही वाक्य त्या पोरीचं नव्हतं. पुढे ती मला म्हणाली होती, “मॅडमनी मला सगळं विचारलं, पण काय झालं ते नाही विचारलं.”

अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही, हे मला ठाऊक आहे. वयामुळे जो गुन्हा होतो तो होतोच. पण ती धमकी खोटी होती, आणि ती ज्या खोलीत जन्माला आली त्या खोलीत मी होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की लैंगिक अत्याचाराचा खोटा आरोप एकट्या बाईच्या डोक्यात कट म्हणून शिजतो, ही समजूत सोडून द्यायला हवी. तसं घडतं, त्याबद्दल पुढे लिहिणार आहे. पण मी जे पाहिलं आणि वाचलं, त्यात खोटा आरोप बहुतेकदा दोघांच्या मध्ये तयार होतो. एक जण विचारत असतो आणि दुसरीला उत्तर दिल्याशिवाय सुटका नसते. विचारणारा बाप असतो, भाऊ असतो, नवरा असतो, आणि पुष्कळदा आपण असता.

महाराष्ट्राला तरी याची आठवण असायला हवी. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंजचं पोलीस ठाणं. आज गडचिरोली जिल्ह्यात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. ते प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत त्या आदिवासी मुलीच्या नावानंच ओळखलं जातं. मी नाव लिहीत नाही. ती त्या रात्री ठाण्यात कशासाठी आली होती, हे फार जण सांगत नाहीत. तिच्या भावानं तक्रार दिली होती की तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या मुलानं आणि त्याच्या नातेवाइकांनी तिला पळवून नेलं. म्हणजे सुरुवात तिथूनच झाली जिथून माझ्या त्या रात्रीची झाली. जबाब आटोपल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवलं गेलं आणि ठाण्याच्या आवारातच आपल्यावर अत्याचार झाला, अशी तिची फिर्याद होती. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, तिला खोटारडी ठरवलं आणि ती खोटं का बोलली याचं मानसशास्त्रही सांगितलं. बाहेर जमाव होता, त्यात तिचा प्रियकर होता. आपण राजीखुशीनं हे केलं असं ती कसं कबूल करणार? त्याच्यासमोर शीलवान दिसायला हवं, म्हणून तिनं बलात्काराचं नाव घेतलं, असा तो तर्क होता. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

खोट्या आरोपाचं मानसशास्त्र हे असं दुधारी हत्यार आहे. एकदा हेतू सुचला की तोच पुरावा वाटायला लागतो. ‘लाज झाकायला बोलली असेल’ हे कुठल्याही बाईबद्दल म्हणता येतं, अगदी खरं बोलणाऱ्या बाईबद्दलही. म्हणून पुढे जी कारणं सांगते आहे ती समोरच्या मुलीवर लावून बघायची यादी म्हणून वाचू नका, ही माझी कळकळीची विनंती. ती आपल्या प्रश्नांवर लावून बघायची आहेत.

आधी प्रमाणाबद्दल. ठाण्यात मी कितीदा तरी ऐकलंय, “मॅडम, निम्म्या खोट्या असतात.” ब्रिटनच्या गृहखात्यासाठी झालेला एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,६४३ प्रकरणं होती. पोलिसांनी त्यांतली २१६, म्हणजे सुमारे ८ टक्के, खोटी म्हणून नोंदवली होती. पोलिसांच्याच नियमांत सांगितलेली कसोटी काटेकोरपणे लावली तेव्हा हा आकडा ३ टक्क्यांवर आला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या दहा वर्षांच्या १३६ तक्रारी तपासल्या तेव्हा ८ खोट्या निघाल्या. हे २०१० चं काम. याउलट १९९४ मध्ये अमेरिकेतल्याच एका लहान शहराबद्दल प्रसिद्ध झालेल्या लेखात १०९ पैकी ४५, म्हणजे ४१ टक्के तक्रारी खोट्या म्हटल्या होत्या आणि तोच आकडा आजही फिरवला जातो. पण त्या शहरात पोलीस फिर्यादी बाईलाच लाय डिटेक्टरला बसायला सांगत आणि तिनं तक्रार मागे घेतली की ती खोटी धरली जाई. तक्रार मागे घेणं आणि तक्रार खोटी असणं यांत केवढं अंतर आहे, ते मी तुम्हाला एका मुलीवरून सांगते.

२००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, लिनवूड नावाच्या गावी, एका अठरा वर्षांच्या मुलीनं फिर्याद दिली की रात्री चाकू घेतलेला माणूस घरात शिरला, त्यानं मला बांधलं आणि अत्याचार केला. मुलगी लहानपणापासून एका पालक कुटुंबातून दुसऱ्यात वाढलेली. सांगताना ती शांत होती, रडली नाही. तिला सांभाळलेल्या बाईलाच शंका आली आणि तिनं ती पोलिसांना कळवली. मग पोलिसांना जबाबांतल्या विसंगती दिसायला लागल्या: आधी फोन केला की आधी हात सोडवले? पुन्हा बोलावलं, पुन्हा विचारलं, दबाव वाढवला. मुलीनं लिहून दिलं की मी खोटं बोलले. तिच्यावर खोट्या तक्रारीचा खटला झाला, ५०० डॉलर भरावे लागले. २०११ साली कोलोरॅडो राज्यात एक माणूस बलात्कारांच्या मालिकेसाठी पकडला गेला. त्यानं काढून ठेवलेल्या छायाचित्रांत ही मुलगी सापडली. मधल्या काळात त्यानं आणखी बायकांवर अत्याचार केले होते.

ती शांत होती म्हणून खोटी ठरली. आपल्याकडेही हेच चालतं. “रडत नव्हती”, “ओरडली का नाही?”, “अंगावर ओरखडा नाही”, “तीन दिवस कुठे होती?” स्टॉकहोममधल्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं की अत्याचाराच्या वेळी शरीर गोठून गेलं होतं, हात हलत नव्हता, आवाज फुटत नव्हता. वाघासमोर हरीण जसं जागच्या जागी थिजतं तसं हे असतं. यात इच्छेचा प्रश्नच नाही. अशा वेळची आठवणही तुकड्यातुकड्यांनी राहते. पंख्याचा आवाज आठवतो, भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं. आधी काय झालं आणि नंतर काय, ते आठवत नाही. तिला क्रम विचारत राहिलात तर ती क्रम बनवून देईल. दुसऱ्या दिवशी वेगळा बनवून देईल. मग आपण पुरवणी जबाबात ‘विसंगती’ लिहाल.

आता खरोखर खोट्या निघालेल्या आरोपांकडे येते.

सगळ्यात मोठं कारण भीती. उशीर झालेला असतो, कुणीतरी कुणासोबत पाहिलेलं असतं, पाळी चुकलेली असते आणि घरात प्रश्न येतो, “कुठे होतीस?” त्या क्षणी तोंडातून जे निघतं ते फिर्याद नसते, मार चुकवायला दिलेलं उत्तर असतं. “दोघांनी गाडीवर बसवून नेलं.” मुलीला वाटतं, घरात एवढं बोलून प्रकरण मिटेल. पण वडील तिला हाताला धरून ठाण्यात आणतात आणि आता मागे फिरायचं म्हणजे वडिलांना सगळ्या गावासमोर खोटं पाडायचं. प्रत्येक पायरीवर खरं बोलण्याची किंमत वाढत जाते. नेदरलँड्सच्या पोलिसांकडच्या सिद्ध झालेल्या खोट्या तक्रारींचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात पैशासाठी केलेल्या तक्रारी थोड्याच होत्या; कुणाला काहीतरी लपवायचं होतं, कुणाला सूड घ्यायचा होता, कुणाला कुणीतरी जवळ घ्यायला, काळजी करायला हवं होतं. आणि कित्येकींना आपण असं का केलं ते स्वतःलाच सांगता येत नव्हतं. हे शेवटचं मला पूर्ण पटतं. “तू असं का केलंस?” याला प्रामाणिक उत्तर “माहीत नाही” हेच असतं, आणि आपण ते उडवाउडवी म्हणून लिहितो.

दुसरं कारण घर. इथे तर मुलगी आरोप करतच नाही, तिच्या वतीनं केला जातो. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत २०१३ साली निकाल लागलेल्या बलात्काराच्या खटल्यांचा अभ्यास ‘द हिंदू’नं २०१४ मध्ये छापला. पूर्ण चाललेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ संमतीच्या संबंधांचे होते. त्यांतले बहुतेक मुलामुलीनं पळून जाऊन लग्न केलं किंवा करायचं ठरवलं, आणि घरच्यांनी केस केली, असे. बंगळूरच्या ‘एन्फोल्ड’ संस्थेनं २०१६ ते २०२० या काळातले पोक्सोचे ७,०६४ निकाल पाहिले, आसाम, पश्चिम बंगाल आणि आपल्या महाराष्ट्रातले. त्यांतले १,७१५, जवळजवळ एक चतुर्थांश, प्रेमप्रकरणांचे होते. बहुसंख्य तक्रारी घरच्यांनी दिलेल्या, आणि दहापैकी नऊहून जास्त खटल्यांत आरोपी सुटलेले. यात जात कुठे येते हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलगा जातीतला असला की ठाण्याबाहेरच लग्नाची तारीख ठरते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

या घरांतल्या मुलीच्या मनात काय चालतं, ते ऐकणारं कुणी नसतं. आई विष प्यायची धमकी देते. धाकट्या बहिणीचं लग्न होणार नाही म्हणतात. चार दिवस कोंडून ठेवलेलं असतं, फोन काढून घेतलेला असतो. पाचव्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर ती जे सांगते ते तिनं पाठ केलेलं असतं. वर्षभरानं ती फितूर होते तेव्हा आपण म्हणतो, पैसे घेतले असतील. कधी घेतलेलेही असतात, बापानं.

तिसरं कारण थोडं नाजूक आहे. संबंध असतानाची आठवण संबंध तुटल्यावर तशीच राहत नाही. लग्नाचं वचन दिलं, तीन वर्षं सोबत राहिला आणि मग घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी साखरपुडा केला. त्या बाईला आता मागे वळून पाहताना प्रत्येक भेट फसवणूक दिसते. ती खोटं बोलत नसते. तिचं दुःख शंभर टक्के खरं असतं. ते मांडायला तिच्याकडे शब्द मात्र एकच असतो, आणि तो शब्द तिला ठाण्यात, वकिलाकडे, मैत्रिणीकडे मिळतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात फरक स्पष्ट केला: सुरुवातीपासूनच पाळायचं नव्हतं असं खोटं वचन वेगळं, आणि दिलेलं वचन पुढे पाळता न येणं वेगळं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आलं आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेला संबंध त्यात बलात्काराहून वेगळा धरला आहे. म्हणून अशा फिर्यादीत ‘जबरदस्तीने’ हा शब्द घालण्याआधी तिला विचारा की तो शब्द तिचा आहे का. तुम्हाला कलम बसवायला सोपं जातं म्हणून तो आला असेल, तर पुढे त्याच शब्दावर बचावाचा वकील तिला खोटी पाडतो आणि तिच्या खऱ्या फसवणुकीचीही माती होते.

चौथं कारण आठवण. ही गोष्ट मला प्रशिक्षकांना विशेष सांगायची आहे, कारण अनुभवी अधिकारीही म्हणतात, “मी फक्त विचारलं, सांगितलं नाही.” विचारणं हेच सांगणं असू शकतं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हा किती होता? एका शब्दानं वेगाचा अंदाज वाढला. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती. पहिल्या गटात ५० पैकी ७ जणांनी हो म्हटलं, दुसऱ्यात १६ जणांनी. आणि ही साधी चित्रफीत होती. समोर गणवेश नव्हता, शेजारी मामा नव्हते.

लहान मुलांचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ मध्ये एका आईच्या तक्रारीवरून सुरू झालं. पोलिसांनी सुमारे २०० पालकांना पत्र पाठवलं की तुमच्या मुलाला अमुक अमुक घडलं का ते विचारा. पालकांनी विचारलं. मग समुपदेशकांनी शेकडो मुलांना विचारलं, “बाकीच्या मुलांनी सांगितलं, तू हुशार आहेस ना, तूही सांग” अशा पद्धतीनं. मुलं भुयारांबद्दल आणि विमानातून नेल्याबद्दल सांगू लागली. १९९० मध्ये सगळं संपलं तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. १९९८ मध्ये सेना गार्वेन आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलाखतींतली तंत्रं ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर वापरून पाहिली. त्यांच्या पाळणाघरात एक पाहुणा येऊन गोष्ट सांगून गेला होता. त्यानं काहीच वावगं केलेलं नव्हतं. नुसत्या सुचवणाऱ्या प्रश्नांनी १७ टक्के चुकीची ‘हो’ उत्तरं आली. त्यात शाबासकी आणि “बाकीच्यांनी सांगितलंय” ची भर घातली तेव्हा ५८ टक्के. आणि यासाठी काही मिनिटंच पुरली.

या मुलांना खोटारडी कोण म्हणेल? आणि ज्यांच्यावर आरोप झाले त्यांची वर्षं कुणी परत दिली?

कधी अत्याचार पूर्ण खरा असतो आणि माणूस चुकीचा असतो. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. तिनं त्या वेळीच ठरवून त्याचा चेहरा नीट पाहून ठेवला होता. छायाचित्रांतून तिनं रोनाल्ड कॉटनला निवडलं. मग ओळख परेडमध्ये त्यालाच. निवडल्यावर पोलिसांनी तिला सांगितलं की फोटोतलाही हाच होता. त्यांनी ते तिला धीर यावा म्हणून सांगितलं असेल. पण तिथून तिची खात्री पक्की झाली. पुढे खरा गुन्हेगार न्यायालयात समोर आणला गेला तेव्हा ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीनं कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून. नंतर त्या दोघांनी मिळून या विषयावर गावोगाव भाषणं दिली. आपल्याकडे ओळख परेडच्या आधी आरोपीचा फोटो ठाण्यातल्याच कुणाच्या मोबाइलवरून फिर्यादीपर्यंत पोचतो. कृपा करून हे थांबवा.

मानसिक आजाराबद्दल दोनच वाक्यं. तीव्र भ्रमाच्या अवस्थेत किंवा भुलीच्या औषधाखाली घडलं नाही ते घडल्यासारखं वाटू शकतं, पण हे फार थोड्या वेळा. उलट ज्या बाईला ‘वेडी आहे’ म्हणून गाव ओळखतं तिच्यावर हात टाकणाऱ्याला माहीत असतं की हिचं कुणी ऐकणार नाही, म्हणून उपचारांचा कागद पाहून फाइल बंद करू नका.

आणि हो, ठरवून केलेले आरोपही असतात. बांधाच्या वादातून, पैशासाठी, घटस्फोटात दबाव आणायला. उत्तर प्रदेशातल्या ललितपूर जिल्ह्यातला एक माणूस २००० साली अटक झाला आणि २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. तक्रारीमागे जमिनीचा वाद असल्याची नोंद न्यायालयानं घेतली. वीस वर्षं. तो आत असताना त्याचे आईवडील गेले. असा माणूस घरी परततो तेव्हा काय होतं, ते मी आमच्या भागातल्या एका घरात पाहिलंय. निर्दोष सुटलेला मुलगा दिवसा बाहेर पडत नव्हता. आई निकालाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवायची, कुणी विचारलं तर दाखवायला. त्या आईला सांगायला माझ्याकडे टक्केवारी नव्हती. म्हणूनच मी म्हणते की निष्काळजी जबाब हा दोन्ही बाजूंचा शत्रू आहे. खऱ्या फिर्यादीला तो दुबळं करतो आणि खोट्या फिर्यादीला बळ देतो, कारण रेडिमेड वाक्यांत दोन्ही सारख्याच दिसतात.

तपास बंद करताना न्यायालयात पाठवायच्या अहवालाच्या तुमच्याकडे ए, बी आणि सी अशा तीन समरी आहेत. गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही तर ए. फिर्याद द्वेषानं, जाणूनबुजून खोटी दिली असेल तर बी. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल, खरी-खोटी ठरत नसेल तर सी. भीतीनं बोललेली मुलगी, घरच्यांनी बोलतं केलेली मुलगी, प्रश्नांनी घडवलेली मुलगी यांतली कुणीच ‘बी’मध्ये बसत नाही. तरी तिकडे ढकलली जाते, आणि मग तीच बेरीज करून म्हटलं जातं की निम्म्या खोट्या असतात. बी समरी लिहिताना द्वेष कुठे दिसला ते एका परिच्छेदात लिहा. लिहिता आला नाही तर तो नव्हता.

आता मागणं. नवा कायदा मागत नाही, आहे तोच वाचा. पोक्सोचं कलम २४ सांगतं की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा आणि कुठल्याही कारणानं मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. कलम २६ सांगतं की जबाब मूल जसं बोलेल तसा लिहावा, आईवडिलांच्या किंवा ‘ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे’ अशा माणसाच्या समोर, आणि जमेल तिथे ध्वनिचित्रमुद्रण करावं. माझ्या त्या रात्री, वडील शेजारी होते एवढं सोडलं, तर यातलं काहीच पाळलं गेलं नव्हतं. मामांवर तिचा विश्वास आहे का, हे कुणी तिला विचारलं नव्हतं. मोठ्या बायकांच्या जबाबाचंही चित्रमुद्रण मोबाइलवर करायची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आता आहे. ते करा, आणि तुमचे प्रश्नही त्यात येऊ द्या. आज जबाबात फक्त उत्तरं राहतात, प्रश्न गायब होतात. वाचणाऱ्याला वाटतं ती आपणहून सलग बोलली.

सुरुवातीलाच “खोटी निघाली तर तुझ्यावरच केस होईल” म्हणू नका. ठरवून आलेली बाई या वाक्यानं घाबरत नाही. खरं बोलणारी घाबरते, आणि भीतीपोटी काहीतरी बोलून बसलेली तर मागे फिरायची वाटच बंद झाली असं समजते. तिच्यासाठी एक वाट उघडी ठेवा. “आधी काही वेगळं सांगितलं असशील तर आता बदललं तरी चालेल, मी रागावणार नाही.” एवढ्या वाक्यावर मी दोन मुलींना खरं बोलताना पाहिलंय. एकीनं वीस वर्षांच्या मुलाचं नाव मागे घेतलं. दुसरीनं अनोळखी माणसाची गोष्ट मागे घेतली आणि सख्ख्या काकाचं नाव सांगितलं. ‘खोटी’ म्हणून तिला तिथेच हाकललं असतं तर ती त्याच काकाच्या घरात परत गेली असती.

आणि पहिला प्रश्न बदला. “काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग, मी मध्ये बोलणार नाही.” मग खरोखर बोलू नका. पेन खाली ठेवा. ती थांबली तर तुम्हीही थांबा, फार तर म्हणा, “मग?” सगळं सांगून झाल्यावर प्रश्न विचारा, आणि तेही तिनं उच्चारलेल्या शब्दांवरूनच. लहान मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब यांच्या गटानं अशा मुलाखतीची पद्धत बसवली आहे आणि ती अनेक देशांत वापरली जाते. तिचा गाभा हाच आहे.

माझ्याकडे यावरचा चार तासांचा सराव तयार आहे. जोड्या करायच्या, एकानं फिर्यादी व्हायचं, एकानं जबाब घ्यायचा, आणि मग आपलंच मुद्रण ऐकून सुचवणारे प्रश्न मोजायचे. मी स्वतः पहिल्यांदा केला तेव्हा दहा मिनिटांत माझे एकवीस निघाले होते. तुम्ही बोलवाल त्या ठाण्यात, त्या शनिवारी मी येईन. मानधन नको, जाण्यायेण्याचं माझं मी बघेन.

आपली,
विदर्भातील एक साहाय्यक व्यक्ती